समितीवर नाव आलंय, तर ऐक

अगं, शाल झाली, नारळ झाला, ग्रामसंघाच्या बायकांनी तुला ओवाळलं, सगळं छान झालं. मला किती आनंद झालाय ते वेगळं सांगायला नको. वीरसारख्या गावात बचतगटाच्या वह्या लिहीत पुढे आलेल्या बाईचं नाव जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर येतं, हे आपल्या आईच्या पिढीत कुणाच्या मनातही आलं नसतं. पण आता दोघीच आहोत, तर जरा बस. जे तुला जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागच्या ऑफिसात कुणी सांगणार नाही आणि घरात कुणाला माहीत नाही, तेवढं बोलते.

आधी ही समिती कशासाठी आहे ते मनात पक्कं कर. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर काय करायचं, त्याचा कायदा २०१३ मध्ये झाला. जिथे दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तिथे मालकाने स्वतःची अंतर्गत समिती नेमायची. महाड एमआयडीसीतले कारखाने, बँका, कॉलेजं, सरकारी कचेऱ्या यांना ते बंधनकारक आहे. पण जिथे दहा माणसंच नाहीत तिथली बाई कुठे जाणार? आणि छळणारा खुद्द मालकच असेल तर? अशा बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. अध्यक्षपदी समाजकार्यातली अनुभवी बाई, महिला व बालविकास किंवा समाजकल्याण खात्याचा अधिकारी पदसिद्ध, दोन सदस्य संस्थांमधले किंवा या विषयाची जाण असलेले, आणि एक सदस्या तालुक्यात काम करणाऱ्या बायकांमधली. ती शेवटची जागा तुझी आहे. मुदत फार तर तीन वर्षं.

म्हणजे बघ, तुला तिथे कुणाची मेहेरबानी म्हणून बसवलेलं नाही. काम करणाऱ्या बायकांचा माणूस तिथे हवा असं कायद्यातच लिहिलंय. हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्या बैठकीला टेबलाच्या टोकाची खुर्ची पकडून गप्प बसण्याची आपल्याला सवय असते. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या बायका समोर असल्या की वाटतं, आपण काय बोलणार. पण हायवेवरच्या हॉटेलात रात्री अकरापर्यंत भांडी घासणाऱ्या बाईला घरी सोडायला कोण जातं, कसं जातं, हे त्या टेबलावर फक्त तुला ठाऊक असणार आहे.

तुझ्याकडे कोण येईल, ते आत्ताच डोळ्यांपुढे आण. महाडच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असणारी पोरगी. छोट्या दवाखान्यातली आया. वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करणारी. नवऱ्याबरोबर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेली कातकरी बाई, जिची अख्खी झोपडीच मालकाच्या जागेत असते. आणि दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी. घर हेसुद्धा तिचं कामाचं ठिकाण आहे, असं कायदा स्वच्छ म्हणतो. मालकाने कामावर न्यायला-आणायला गाडी ठेवली असेल तर ती गाडीही कामाचं ठिकाणच. घरकामाच्या बाईच्या बाबतीत तर प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. हे पाठ करून ठेव, कारण अशा वेळी "घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा" असं म्हणणारा कुणीतरी हमखास भेटतो.

आता अलिबाग. आपल्याला वीरहून अलिबागला जायचं म्हणजे पॅसेंजरने पेण गाठायचं आणि तिथून एसटी, नाहीतर महाडहून सगळा रस्ता एसटीने. माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पोयनाड करत दिवस जातो. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची बाई तर निघाली तरी त्याच दिवशी परत येईल याची खात्री नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून, घरी खोटं सांगून, ज्या गावात ती कधी गेली नाही तिथल्या कचेरीत ती आपली ही तक्रार घेऊन जाईल? नाही जाणार. हे कायदा करणाऱ्यांनाही कळलं होतं, म्हणून प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायचा असं त्यात आहे. बाईने तक्रार तालुक्यात त्याच्याकडे द्यायची आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पोचवायची. माझ्या मते सगळ्या कायद्यात आपल्यासारख्या तालुक्यांसाठी सगळ्यात मोलाचं कलम हेच. आणि सगळ्यात दुर्लक्षित पण हेच. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना पुन्हा बजावून सांगावं लागलं, की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या बसवा, तालुक्यांना नोडल अधिकारी द्या. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर! यावरून समज, कागदावर असणं आणि बाईच्या हाताशी असणं यात किती अंतर आहे.

तू मनात म्हणत असशील, ही समिती तर फक्त अहवाल देते. कुणाला कामावरून काढत नाही, कुणाला तुरुंगात घालत नाही. मग नुसत्या शिफारशीला विचारतो कोण? हे मलाही फार वर्षं सलायचं. पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर होते तेव्हा बैठकीला बोलवायचे, चहा द्यायचे, रजिस्टरवर सही घ्यायचे आणि निरोप द्यायचे. त्या काळात मला एका गोष्टीने उभं राहायला शिकवलं, आणि ती आपल्या महाडचीच आहे.

चवदार तळं आपण शाळेत शिकलो. पण ती हकीकत सल्लागार मंडळावर बसणाऱ्या माणसाने नीट, तारखांसकट वाचावी. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला. ठराव झाला, नोंद झाली, आणि तीन वर्षं त्या तळ्यातलं ओंजळभर पाणीही कुणा अस्पृश्य माणसाला घेता आलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं चालत तळ्यावर गेली, पाणी प्याली, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्या दिवशी माणसांना मारहाण झाली. आणि पुढचं बघ. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग दावा, मनाई हुकूम, अपील, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला, तळं सगळ्यांना खुलं. पहिल्या ठरावापासून चौदा वर्षं.

या चौदा वर्षांतून मी दोन गोष्टी घेतल्या. ठराव झाला म्हणजे काम झालं असं कधी मानायचं नाही. आणि ठराव झालाच नसता तर बाबासाहेबांच्या हातात दाखवायला कागदही नसता. दोन्ही खरं आहे. म्हणून तू शिफारस लिहिताना ती नुसती शिफारस आहे म्हणून हलक्या हाताने लिहू नकोस, आणि लिहून झाल्यावर घरी येऊन निवांतही बसू नकोस. कायद्याने चौकशी पूर्ण झाल्यापासून दहा दिवसांत अहवाल मालकाकडे किंवा जिल्हा अधिकाऱ्याकडे जायला हवा आणि त्यांनी साठ दिवसांत अंमल करायला हवा. एकसष्टाव्या दिवशी तुझं पत्र त्यांच्या टेबलावर पडलं पाहिजे. पत्र दिलंस की पोच घे, शिक्का मारून घे, आवक क्रमांक लिहून घे. तोंडी विचारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्याच महाडात डिसेंबर १९२७ च्या परिषदेला बायकाही आल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले होते, मुलींना शिकवा म्हणून, राहणी बदला म्हणून. ज्या काळात बाई सभेत फारशी दिसत नसे त्या काळात. आपण त्या मातीतल्या आहोत. अलिबागच्या एसी हॉलमध्ये बिचकायचं आपल्याला कारण नाही.

बैठकीतलं सांगते. विषयपत्रिका आधी माग. अर्ध्या वेळा ती बैठकीतच हातात देतात, आणि तोवर निर्णय ठरलेला असतो. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचल्याशिवाय त्यावर सही करू नकोस. वाचायला वेळ लागला तर लागू दे, सगळे तुझ्याकडे बघत बसले तरी. तू जे बोललीस ते त्यात आहे का बघ. नसेल तर "माझं म्हणणं नोंदवा" एवढंच म्हण, पुन्हा पुन्हा म्हण. आणि बहुमताचा निर्णय तुला पटला नाही, तर भांडू नकोस, रडू नकोस, उठून जाऊ नकोस. तुझं वेगळं मत लिहून दे आणि ते अहवालाला जोडायला सांग.

वेगळं मत लिहून काय होतं, ते ऐक. सप्टेंबर १९७१ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बायकांची स्थिती काय आहे ते पाहायला एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या. आपल्याकडच्या समाजशास्त्रज्ञ लीला दुबे आणि मुंबईच्या कामगार चळवळीतल्या मणिबेन कारा सदस्य होत्या. त्यांनी राज्याराज्यांत फिरून बायकांशी बोलून १९७४ च्या अखेरीस अहवाल दिला. बायकांना मताचा हक्क मिळाला, घटनेत समता आली, म्हणून सगळे समाधानात होते. या अहवालाने दाखवलं की हजार पुरुषांमागे बायकांची संख्या घटत चाललीय, कामातून बायका बाहेर फेकल्या जातायत. सगळ्या देशाला धक्का बसला. तर त्या समितीत विधिमंडळात बायकांना राखीव जागा असाव्यात का यावर वाद झाला. बहुमत म्हणालं, नकोत. वीणा मजुमदार आणि लतिका सरकार या दोघी अडून बसल्या नाहीत, उठून गेल्या नाहीत. त्यांनी आपलं वेगळं मत लिहून अहवालाला जोडलं. वीस वर्षं जायच्या आत ७३ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना आल्या, आणि २०११ पासून आपल्या महाराष्ट्रात निम्म्या. तू आणि मी ग्रामपंचायतीत निवडून आलो ते ज्या विचाराने, तो विचार त्या खोलीत अल्पमतात होता आणि कागदावर लिहिलेला होता, म्हणून जिवंत राहिला.

त्याच समितीने बायकांसाठी कायम स्वरूपाचे आयोग हवेत असंही सुचवलं होतं. राष्ट्रीय महिला आयोगाचा कायदा १९९० मध्ये झाला, आयोग बसला जानेवारी १९९२ मध्ये. आपला राज्य महिला आयोग १९९३ चा. सल्ला देऊन सतरा-अठरा वर्षांनी. म्हणून म्हणते, धीर धर, पण झोपू नकोस.

आता चौकशीचं. यात मात्र माझं ऐकच, कारण यात चांगल्या मनाच्या बायकाच चुकतात. समोर एखादी पोर रडत बसलेली असते, तिचं खरं आहे हे आपल्याला पोटातून कळतं, आणि वाटतं, त्या माणसाला काय विचारायचं, देऊ शिक्षा. असं करायचं नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ च्या होत्या. समितीने चौकशी केली, शिक्षकाला बडतर्फ केलं गेलं. पण शेवटच्या टप्प्यात सुनावण्या एकामागून एक उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! कोण दोषी, कोण नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. त्या पोरींचं काय झालं असेल, त्यांनी तोवर संसार थाटले असतील, त्यांना पुन्हा तेच सगळं बोलायला बोलवायचं? ही घाई कुणाच्या फायद्याची ठरली सांग. तर मुदत नव्वद दिवसांची आहे, ती पाळ, पण त्यात दोघांनाही पूर्ण ऐकून घे. तक्रारीची प्रत त्याला कामकाजाच्या सात दिवसांत गेली का, त्याचं उत्तर कामकाजाच्या दहा दिवसांत आलं का, साक्षीदारांची नावं घेतली का, हे वहीत तारखेसह लिहून ठेव. निदान तिघं हजर असल्याशिवाय सुनावणी घेऊ देऊ नकोस. आणि अध्यक्षबाई नसताना तर नाहीच.

बाईशी बोलताना मात्र तुझं सगळं माणूसपण तिथे लाव. तिला तिच्या बोलीत बोलू दे. कातकरी बाई जे शब्द वापरते तेच लिहून घ्यायचे, आपल्या छापील मराठीत घालून गुळगुळीत करायचे नाहीत. तक्रार लेखी लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत लागते. कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून देता येतात, पण कारण लेखी नोंदवावं लागतं. लिहिता येत नसेल तर तिला लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नाहीत. नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात. त्या झेरॉक्सचे पैसे तिच्याकडे नसतील, हे तुझ्या लक्षात यायला हवं. आणि "तेव्हा तू एकटी तिथे का गेलीस", "आधी का नाही बोललीस", "तो तर देवमाणूस आहे", ही वाक्यं त्या खोलीत कुणी उच्चारली तर तिथेच थांबव. मग तो पदसिद्ध अधिकारी का असेना.

चौकशी चालू असताना ती रोज त्याच माणसापुढे उभी राहत असेल तर तिला दुसरीकडे बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समितीला करता येते. पण तिने लेखी मागितलं तरच. तिला हे माहीत नसतं. तू सांग. चार माणसांच्या दुकानात बदली कुठे करणार, हा प्रश्न येईलच. मग रजा माग.

अगं, सगळ्यात जड काय जाईल माहितीये? तडजोड. आपल्याकडे कुठलीही भानगड झाली की गावकी बसते आणि मिटवून टाकते. दोन्हीकडची चार जाणती माणसं येतात, "पोरीचं लग्न व्हायचंय" म्हणतात, काही पैसे ठरतात, संपलं. आता ते तुझ्या घरी येतील. नात्यातलंच कुणी येईल. "ताई, तुम्ही समितीवर आहात, तुम्हीच मध्यस्थी करा." कायदा काय म्हणतो ऐक: समेट करायचा तर तो चौकशी सुरू होण्याआधी, आणि फक्त त्या बाईने स्वतः मागितला तर. पैसे देऊन समेट करता येत नाही, अजिबात नाही. हे त्यांना शांतपणे सांग. चहा कर, बसव, आणि सांग. तुझ्यावर नाराज होतील. होऊ देत. तुला गावात राहायचंय हे खरं आहे, पण तिलाही त्याच गावात राहायचंय.

आणि दुसऱ्या बाजूने कुणी म्हणेल, खोट्या तक्रारी करतात बायका. जाणूनबुजून खोटी तक्रार केली असं सिद्ध झालं तर कारवाईची तरतूद आहेच. पण नुसता पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. बंद खोलीत घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार कुठून आणणार ती?

गुपित राखणं. वीरला स्टेशनवर उतरलेल्या माणसाच्या पिशवीत काय आहे ते घरी पोचायच्या आत गावाला कळतं, तिथे हे करायचंय तुला. तक्रार करणारीचं नाव, त्याचं नाव, साक्षीदार, चौकशीत काय झालं, काय शिफारस केली, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. नवऱ्याला नाही, जावेला नाही, मला पण नाही. मी विचारलं तर मलाही "ताई, नको" म्हण, मला राग येणार नाही, अभिमान वाटेल. गुप्तता मोडली तर पाच हजारांचा दंड आहे, पण दंडाचं काय घेऊन बसलीस. एक नाव फुटलं की पुढची दहा वर्षं या तालुक्यातून एकही बाई तक्रार घेऊन येणार नाही. कागद घरी आणू नकोस. स्वतःच्या वहीत टिपायचं तर नावाशिवाय, फक्त तारीख आणि क्रमांक. समितीचे कागद ऑफिसातच राहू देत, पण त्यांची दुसरी प्रत सुरक्षित ठेवतात ना हे विचार. २०२१ च्या जुलैत सावित्री-गांधारीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा किती घरांची, दुकानांची आयुष्यभराची कागदपत्रं चिखल झाली, ते आपण डोळ्यांनी बघितलंय.

पैशाचं पण बोलून टाकते, कारण आपण बायका ते बोलत नाही. नियमातले कामकाजाच्या दिवसाचे दोनशे रुपये आणि प्रवासखर्च संस्थांमधल्या त्या दोन सदस्यांना आहेत, तालुक्यातल्या बायकांमधून आलेल्या तुझ्या जागेला नाहीत. तरी निदान एसटीचा खर्च मागायचा, पावत्या जोडून मागायचा. "समाजसेवा आहे, त्यात पैसे कसले" असं कुणी म्हटलं तरी मागायचा. स्वतःच्या खिशातून एसटी करत राहिलीस तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला घरातून कुरबूर सुरू होईल, मग एक बैठक चुकेल, मग दुसरी. राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात तर परवानगीशिवाय सलग तीन बैठकांना गैरहजर राहिलं की सदस्यत्व काढून घेता येतं. तो नियम तुला लागू नसेल, पण तू स्वतःला लावून घे. रिकाम्या खुर्चीने काय होतं ते आपण पाहिलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये विजया रहाटकरांनी राजीनामा दिल्यावर राज्य महिला आयोगाचं अध्यक्षपद ऑक्टोबर २०२१ मध्ये रूपाली चाकणकरांची नेमणूक होईपर्यंत रिकामं होतं. नेमका कोविडचा काळ. बायका घरात कोंडलेल्या, रोजगार गेलेले, आणि राज्याच्या आयोगाला अध्यक्ष नाही. कुठल्या पक्षाचं सरकार होतं, कुणी कुणावर ढकललं, यात मला पडायचं नाही. बाईसाठी असलेली खुर्ची सरकारने रिकामी ठेवू नये, एवढं मला ठामपणे वाटतं.

पक्षावरून आठवलं. तुझं नाव कुणीतरी सुचवलं असेल. त्यांचे आभार एकदा मान आणि तिथे थांब. उद्या त्यांच्याच माणसाचं प्रकरण आलं, किंवा तुझ्या भावकीतल्या दुकानदाराचं आलं, तर बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायचं, की माझा संबंध आहे, मी या चौकशीत बसत नाही. हे लेखी दे. लपवून बसलीस आणि नंतर निघालं तर त्या बाईची केस बुडेल.

आणि तक्रार येईल म्हणून वाट बघत बसू नकोस. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिथे दहा मिनिटं मागून घे. प्रभागसंघाच्या बैठकीत बोल, अंगणवाडीताईंना, आशाताईंना सांग, कारण त्या घराघरात जातात. कातकरीवाडीवर वीटभट्टीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी जा, माणसं भट्टीवर निघून गेल्यावर गेलीस तर तिथे म्हाताऱ्या आणि कुलपंच भेटतील. कायद्याची व्याख्यानं देऊ नकोस. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, किती दिवसांत, आणि नाव फुटणार नाही, एवढ्या चार गोष्टी त्यांच्या लक्षात राहिल्या तरी खूप.

हा कायदा कुणी आपल्याला वाटलेला नाही. राजस्थानात भंवरीदेवी नावाच्या साथिनीने, सरकारचंच बालविवाह थांबवायचं काम करताना, १९९२ मध्ये जे भोगलं त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल आला. त्या निकालाची अंमलबजावणी होत नाही म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं लढत राहिल्या. मग २०१३ चा कायदा. तू ज्या खुर्चीत बसणार आहेस ती एका खेड्यातल्या, सरकारसाठी तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईमुळे आहे. आपल्यासारख्याच.

तेव्हा अलिबागच्या पहिल्या बैठकीची वाट बघू नकोस. येत्या सोमवारी महाडच्या तहसील कार्यालयात जा, मग पोलादपूरच्या. त्या त्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, त्याचं नाव आणि फोन बाहेर फलकावर लावलाय का, एवढं विचार. लावला नसेल तर त्याच दिवशी साधा अर्ज लिहून दे आणि पोच घेऊनच घरी ये.